शंभरचा प्लॅन, तरी मावशीचा आवाज तुटतो

"तुझा आवाज विहिरीतून येतोय गं," मावशी म्हणाली. मग काहीच नाही. मग एकदम, "...सोमवारी तरी येणार का?" मधलं वाक्य कुठे गेलं ते तिलाही कळलं नाही, मलाही नाही. मी "काय?" म्हटलं, त्याच क्षणी ती "हॅलो, हॅलो" करायला लागली. मग दोघी गप्प. मग पुन्हा दोघी एकदम. शेवटी वैतागून म्हणाली, "ठेव तू. मोबाइलवरून करते." आणि तिचा मोबाइल नेहमीप्रमाणे सापडेना.

मावशी सांगलीला असते. तिच्याकडे तांब्याच्या तारेवरचा फोन तीसेक वर्षं होता. दोन वर्षांपूर्वी गल्लीत फायबर आलं आणि तिची लाइन त्यावर गेली. नंबर तोच राहिला, टीपॉयवरचा लाल फोनही तोच राहिला. फक्त त्याची वायर आता भिंतीतल्या जुन्या सॉकेटऐवजी वायफायच्या पांढऱ्या डब्याच्या मागे खोचलेली आहे. बिलावर 'शंभर एमबीपीएस, लँडलाइन कॉल अनलिमिटेड' असं छापून येतं. तिच्या लेखी फोन होता तोच आहे, फक्त बिघडलाय. मी पुण्यात एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळते, त्यामुळे मला माहीत होतं की जुना फोन केव्हाच गेला. त्या लाल डबड्यामागे आता इंटरनेटवरून आवाज पाठवणारं एक यंत्र आहे, आणि त्याच्या खोडी वेगळ्या आहेत.

तिच्या वतीने कस्टमर केअरला मी सात वेळा फोन केला. सातही वेळा पहिलं वाक्य एकच, "मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करा." दुसरं, "स्पीड टेस्ट करून बघा." टेस्टमध्ये दर वेळी ९४-९५ यायचं. "मॅडम, आमच्या साइडने तर ओके दाखवतंय." आणि तक्रार बंद.

ओके दाखवत होतं, हे खोटं नव्हतं. पण ते दाखवत होतं दुसऱ्याच गोष्टीचं ओके.

आवाजाचे तुकडे

जुन्या पद्धतीत नंबर फिरवला की एक्स्चेंज तुमच्यापासून समोरच्यापर्यंत एक वाट राखून ठेवायचं. तुम्ही बोला, गप्प बसा, रडा, ती वाट फोन ठेवेपर्यंत तुमची. एसटीडीचं बिल म्हणूनच मिनिटावर होतं: तुम्ही वाट अडवून बसला होता, त्याचं भाडं.

इंटरनेटवर कुणाचीच वाट राखीव नसते. तुमच्या आवाजाची सेकंदाला ८००० वेळा मोजणी होते, त्या आकड्यांचे छोटे तुकडे पाडले जातात, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पॅकेट होऊन निघतो. सर्वसाधारणपणे एका पॅकेटमध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि त्याच्यावर ४० बाइट पत्ता-बित्ता. "मावशी" एवढं म्हणायला अर्धा सेकंद लागला तर पंचवीस पॅकेटं सुटली. ती सांगलीला पोहोचल्यावर पलीकडचं यंत्र त्यांना ओळीने लावतं आणि पुन्हा आवाज करतं.

आता गणित करा. ५० पॅकेटं, प्रत्येकी २०० बाइट, एका बाइटचे आठ बिट. सेकंदाला ८० किलोबिट. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला एक लाख किलोबिट. मावशीच्या एका लाइनवर साडेबाराशे माणसं एका वेळी बोलू शकतील! तेव्हा आवाज तुटतोय म्हणून "शंभरचा दोनशे करून घ्या" असा सल्ला कुणी दिला, तर त्याला नमस्कार करून निघावं. रस्ता किती रुंद आहे याचा इथे काही संबंध नाही. एसटी वेळेवर येते की नाही, हा प्रश्न आहे.

कारण बोलण्याला थांबता येत नाही. वेबपेज उघडताना एखादं पॅकेट हरवलं तर कॉम्प्युटर "ते पुन्हा पाठव" म्हणतो, ते पुन्हा येतं, पान अर्धा सेकंद उशिरा उघडतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. व्हिडिओ तर पुढचा मिनिटभराचा साठा आधीच घेऊन बसलेला असतो. पण बोलताना हरवलेला तुकडा पुन्हा मागवून उपयोग काय? तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं. म्हणून आवाजाची पॅकेटं पाठवून दिली की पाठवून दिली. पोचपावती नाही, पुन्हा मागणी नाही. हरवलं ते हरवलं. त्या रिकाम्या जागी फोन आधीच्या तुकड्याचीच नक्कल करून चिकटवतो. एखाद-दुसरा तुकडा असेल तर कानाला कळतही नाही. सलग चार-पाच गेले की माणूस रोबोटसारखा बोलायला लागतो, किंवा विहिरीतून.

दुसरी भानगड वेळेची. मंगल कार्यालयातली पंगत आठवा. आत कढईतून पुऱ्या निघतायत, पण एकसारख्या नाहीत: एकदम पंधरा येतात, मग दोन मिनिटं काहीच नाही. वाढपी मुरलेला असेल तर परातीत थोड्या पुऱ्या राखून ठेवतो आणि पानांवर मात्र एका लयीत वाढत जातो. जेवणाऱ्याला आतला गोंधळ कळतच नाही. पॅकेटं अशीच मागेपुढे, दाटीवाटीने येतात. या हेलकाव्याला जिटर म्हणतात, आणि फोनमधली ती परात म्हणजे जिटर बफर. परात मोठी ठेवली तर खंड पडत नाही, पण पुरी गार होऊन पानात पडते, म्हणजे आवाज उशिरा पोहोचतो. लहान ठेवली तर गरमागरम, पण मध्येच परात रिकामी. आणि पान उचलल्यावर आलेली पुरी कितीही टम्म फुगलेली असो, ती वाया. उशिरा आलेलं पॅकेट फोन तसंच टाकून देतो.

उशीर किती चालतो याचं मोजमाप आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बहुतेकांना जाणवत नाही. ४०० च्या पुढे गेलं की आम्हा मावशी-भाचीचं जे झालं ते होतं. समोरचा गप्प आहे असं वाटून तुम्ही बोलायला लागता, आणि तो तर आधीच बोललेला असतो. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. पुणे-सांगली म्हणजे दीड मिलिसेकंदसुद्धा नाही. तेव्हा "मॅडम, लांबचा कॉल असेल तर होतं असं" हे मला एकाने ऐकवलं, तेव्हा हसावं की रडावं कळेना. उशीर अंतराने होत नाही. रांगांमध्ये आणि परातींमध्ये होतो.

रांग घरातच असते कधी कधी

सगळं खापर कंपनीवर फोडायच्या आधी एक तपासावं. घरातून बाहेर जाणारी वाट, म्हणजे अपलोड, भरली आहे का? दारावरचा सीसीटीव्ही चोवीस तास चित्रण वर चढवतोय, नातवाचा फोन रात्री दहाला फोटोंचा बॅकअप घ्यायला बसलाय, आणि राउटर सगळ्यांना एकाच रांगेत उभं करतोय. आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या रांगेत लग्नाच्या फोटोंच्या मागे ताटकळतं. याची खूण सोपी आहे: तुम्हाला समोरच्याचं नीट ऐकू येतं, त्याला तुमचं तुटक. आणि ठरावीक वेळीच.

कंपनी नीट असेल तर हे व्हायला नको. डब्याच्या मागे फोनसाठी जे वेगळं भोक असतं, त्यातून जाणाऱ्या आवाजाला फायबरवर वेगळी मार्गिका आणि आधी जाण्याचा मान देता येतो, आणि मोठ्या कंपन्या सहसा देतातही. पण मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून बोलत असाल, किंवा केबलवाल्याने दिलेल्या राउटरला स्वतंत्र अडॅप्टर लावून फोन जोडला असेल, तर हा मान मिळत नाही. आवाज बाकीच्या गर्दीतूनच वाट काढतो.

ऑफिसात आम्हाला याहून विचित्र दुखणं झालं होतं. फोन लागायचा, घंटी वाजायची, समोरचा उचलायचा, आणि आमचं त्याला ऐकू जायचं पण त्याचं आम्हाला नाही. एकतर्फी आवाज. इंटरनेटच्या फोनवर हे फार जुनं दुखणं आहे. कारण असं की, कॉल जुळवणं आणि आवाज वाहणं ही दोन वेगळी कामं, दोन वेगळ्या वाटांनी चालतात. राउटर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. आतल्या कुणी सांगून ठेवलं असेल तरच तो बाहेरच्याला सोडतो. कॉल जुळवणाऱ्याला त्याने ओळखलं, गेट उघडलं. आवाज घेऊन येणारा मात्र दुसऱ्याच गेटवर उभा; याचं नाव वहीत नाही, म्हणून परत. त्यात काही राउटरांमध्ये या वॉचमनला जास्तीची हुशारी शिकवलेली असते. सिप एएलजी म्हणतात तिला. ती पत्ते परस्पर बदलून मदत करायला जाते आणि गोंधळ वाढवते. आमच्याकडे ती बंद केली आणि दुखणं गेलं. शोधायला मात्र तीन दिवस लागले, आणि तिन्ही दिवस फोनवाली कंपनी राउटरकडे बोट दाखवत होती, राउटरवाली फोनकडे.

"फोन लावला तर लागतो, पण कुणाचा येत नाही" ही तक्रारही याच घराण्यातली. तुमचा फोन कंपनीच्या सर्व्हरला ठरावीक वेळाने 'मी इथे आहे' असं कळवत असतो. मध्ये बराच वेळ शांतता झाली की वॉचमन वहीतलं नाव खोडतो. मग बाहेरून येणाऱ्याला दार बंद. तुम्ही स्वतः फोन लावलात की नाव पुन्हा चढतं, म्हणून थोडा वेळ सगळं सुरळीत. लोक म्हणतात "आपण एकदा बाहेर केला की बरा होतो." अगदी बरोबर म्हणतात.

आणि मावशीचं गॅस बुकिंग. "मराठीसाठी अमुक दाबा" म्हणतात, ती दाबते, आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मावशीला वाटायचं आपलंच बोट चुकतंय. बोट बरोबर असतं. बटणाचा सूर हा दोन स्वरांचा मेळ असतो. जागा वाचवण्यासाठी आवाज पिळून पाठवला की माणसाचं बोलणं कळतं, पण तो सूर बेसूर होतो. म्हणून आकडे आवाजातून न पाठवता वेगळी चिठ्ठी म्हणून पाठवायची सोय फार पूर्वीपासून आहे. मधल्या एखाद्या कंपनीच्या यंत्रात ती सेटिंग जुळली नाही की बाई आपल्या पहिल्यापासून सुरू. यावर ग्राहकाच्या हातात काही नाही. तक्रारीत "बटणं ओळखली जात नाहीत" एवढं नेमकं लिहायचं.

लाइट गेली की

तांब्याचा फोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज घरातून लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या त्याच दोन तारांतून ४८ व्होल्ट पाठवत असत. काच असो वा प्लास्टिक, फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे फोनला वीज लागते ती पांढऱ्या डब्याला जोडलेल्या अडॅप्टरमधून. आमच्याकडे पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते, सांगलीत आणखी कधी. लाइट गेली, डबा मेला, फोन मेला. आणि म्हाताऱ्या माणसाला फोनची गरज नेमकी अंधारातच पडते.

राउटरला लावायचा छोटा यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो आणि दोन-चार तास निभावतो. मावशीला तो मी घेऊन दिला. पण घेण्याआधी एक विचारून घ्यावं: तुमच्या घरापासून एक्स्चेंजपर्यंत मध्ये कुठे विजेवर चालणारं यंत्र आहे का? सरळ फायबर असेल तर एका फायबरचे अनेक फाटे करणाऱ्या मधल्या विभाजकाला वीज लागत नाही, काम भागतं. पण केबलवाल्याने जिन्याखाली पेटी बसवून तिथून प्रत्येक फ्लॅटला साधी नेटवर्क केबल दिली असेल, तर ती पेटी सोसायटीच्या मीटरवर चालते. मग तुमचा यूपीएस कितीही चालो, तुमचा फोन जिन्याखालीच अडकणार.

अडीनडीला फोन न चालणं किती महागात पडू शकतं ते अमेरिकेत २००५ साली दिसलं. ह्यूस्टनमध्ये एका घरात दरोडा पडला, आईवडिलांना गोळ्या लागल्या, आणि मुलीने ९११ हा आणीबाणीचा नंबर लावला तर तिथे या फोनवरून ९११ मिळत नाही असं रेकॉर्डिंग लागलं. फोन व्होनेज या इंटरनेट-फोन कंपनीचा होता. टेक्ससच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर दावा ठोकला. कंपनी म्हणे, ही सेवा वेगळी सुरू करून घ्यावी लागते असं आम्ही सांगितलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या दूरसंचार आयोगाने हुकूम काढला: जो इंटरनेट-फोन नेहमीच्या फोनच्या जाळ्याशी जोडलेला आहे, त्यावर ९११ चाललंच पाहिजे, आणि त्यासाठी १२० दिवसांची मुदत. आधी ग्राहकाने बारीक अक्षरं वाचायला हवी होती असं म्हणणाऱ्या कंपन्यांना मग ते जमलं.

नंबर कुणाचा?

व्होनेजचं नाव आपल्याकडच्या बऱ्याच घरांना माहीत आहे, भले ते कधी अमेरिकेला गेले नसोत. न्यू जर्सीच्या या कंपनीने २००९ मध्ये महिना २४.९९ डॉलरमध्ये भारतासह साठेक देशांना हवं तेवढं बोलायची योजना काढली. त्याआधी कॉलिंग कार्ड खरवडून, आकड्यांची माळ दाबून, मिनिटं मोजत बोलणं व्हायचं. ती मिनिटं गेली. तिकडच्या मराठी घरांतून रविवारी सकाळी इकडे तासतासभर गप्पा सुरू झाल्या, त्यात या कंपनीच्या डब्याचा मोठा वाटा.

पण डबा घेणं सोपं आणि सोडणं अवघड. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये याच कंपनीवर कारवाई केली. सेवा ऑनलाइन दोन क्लिकमध्ये सुरू व्हायची. बंद करायची तर फोन करून माणसाशीच बोलावं लागायचं. तो नंबर शोधून सापडत नसे, वेळा मोजक्या, वाट बघणं लांबलचक, वर मुदतीआधी सोडल्याचा शेकडो डॉलरचा दंड, आणि बंद केल्यावरही कार्डावरून पैसे जातच राहायचे. प्रकरण १० कोटी डॉलरवर मिटलं, आणि पुढच्या वर्षी ते पैसे पावणेचार लाखांहून जास्त ग्राहकांना परत वाटले गेले. फोनच्या धंद्यातल्या कंपनीला ग्राहकाचा फोन घेणं जड जावं, यातली गंमत मला अजून पुरती पचलेली नाही.

याहून वाईट सनरॉकेटचं. १९९ डॉलर आधीच भरा, वर्षभर बोला, अशी तिची योजना होती. १६ जुलै २००७ ला कंपनी बंद पडली. दोन लाखांवर ग्राहक. भरलेले पैसे गेले ते गेलेच, खरी धावपळ झाली ती नंबर वाचवण्याची. कंपनीच नाही तर नंबर दुसरीकडे नेण्याच्या अर्जावर सही कोण करणार? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने इंटरनेट-फोनवाल्यांनाही नंबर सोडून देण्याचे नियम लागू केले.

आपल्याकडे मोबाइल नंबर कंपनी बदलून नेता येतो. २०११ च्या जानेवारीत ती सोय देशभर झाली. लँडलाइनला ती नाही. मावशीला दुसऱ्या कंपनीचं फायबर घ्यायचं तर नवा नंबर घ्यावा लागेल. आणि तिचा हा नंबर बँकेत आहे, विम्याच्या कागदांवर आहे, भिशीच्या वहीत आहे, बार्शीच्या आत्याला तोंडपाठ आहे. "नंबर राहू दे, बाकी कसं का असेना," हे तिचं शेवटचं वाक्य असतं. कंपनीलाही ते माहीत असतं, असा मला दाट संशय आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळं जग फुकट बोलतंय, मग हे कशाला, असंही कुणी विचारतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलता येतं. टीपॉयवरचा लाल फोन त्याने वाजत नाही. इंटरनेट आणि साध्या फोनचं जाळं यांच्यामध्ये सरकारी दार आहे. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण अटींसह: कॉम्प्युटरवरून परदेशातला फोन लावता येईल, देशातला नाही. ते दार नीट उघडलं २०१८ मध्ये, तेही परवानाधारक कंपन्यांपुरतं. दुबईतलं दार त्याहून घट्ट आहे. रत्नागिरीकडच्या ज्या घरांतली माणसं दुबईला आहेत त्यांना ठाऊकच आहे: व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, फोटो जातो, कॉल लागत नाही. तिकडे परवाना मिळालेल्या ठरावीक अ‍ॅपवरूनच बोलावं लागतं. तिथे कॉल लागला नाही तर दोष लाइनचा नाही, कायद्याचा.

आठवा फोन

मावशीच्या लाइनचं शेवटी काय निघालं ते सांगते. आठव्या वेळी मी "आवाज तुटतो" म्हणालेच नाही. म्हणाले, "दोन्ही बाजूंनी तुटतो, वायफाय बंद ठेवून पाहिलं तरी तुटतो, सकाळी कमी आणि दुपारी जास्त, आणि डब्यात फायबरची पॉवर मायनस २८ दिसतेय." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग "मॅडम, लाइनमन पाठवतो."

तो आकडा राउटरच्या सेटिंगच्या पानावर असतो, किंवा लाइनमनच्या मीटरवर. येणारा प्रकाश किती जोराचा आहे, त्याचं माप. मायनस २० च्या आगेमागे असेल तर छान. मायनस २७-२८ कडे गेला की डब्याला प्रकाश जेमतेम दिसतो. पूर्ण दिसेनासा झाला तर लाल लाइट लागते आणि निदान निकाल तरी लागतो. पण जेमतेम असेल तर अधूनमधून पॅकेटं सांडत राहतात. ब्राउझर ती पुन्हा मागवून घेतो, म्हणून स्पीड टेस्टला ९५. आवाज मागवत नाही, म्हणून विहीर.

लाइनमन आला, विशीतला मुलगा. डब्याकडे बघितलंही नाही. सरळ गच्चीवर गेला. पाण्याच्या टाकीच्या मागे, जिथे फायबर कठड्यावरून खाली वळते, तिथे खारीने वरचं आवरण कुरतडलं होतं आणि उघडी पडलेली काडी कठड्याच्या कोपऱ्यावर अगदी मुडपून बसली होती. फायबर जास्त वाकलं की प्रकाश वळणावर निसटतो. दुपारी उन्हाने केबल सैल होऊन आणखी दबायची, म्हणून दुपारी जास्त. त्याने तेवढा तुकडा कापला, नवं जोडलं, हातभर मोठा वळसा देऊन बांधलं. मीटर मायनस १९. वीस मिनिटांचं काम, चार महिन्यांची कटकट. जाताना मावशीला म्हणाला, "आजी, खार तर माझ्या हातात नाय."

तुमच्यावर हीच वेळ आली तर एवढं करा. फोन करून थांबू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो. 'तक्रार निवारण झाली' असा मेसेज आला आणि झाली नसेल, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करा. फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. बहुतेकांना हा दुसरा जिना आहे हेच माहीत नसतं, आणि कस्टमर केअर तो आपणहून दाखवत नाही. त्यापुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि ग्राहक न्यायालयही. टेलिफोनची भांडणं ग्राहक न्यायालयात चालत नाहीत असं कुणी ऐकवलं तर ते जुनं झालं. चालतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. तक्रारीत विशेषणं कमी आणि खुणा जास्त लिहा: एका बाजूने की दोन्ही, कोणत्या वेळी, येणारे की जाणारे, सगळ्या नंबरांना की एकाच कंपनीच्या. या चार उत्तरांवरून दुखणं घरात आहे, लाइनमध्ये आहे की दोन कंपन्यांच्या मधल्या सांध्यात, हे जाणत्या माणसाला बसल्या जागी कळतं.

रविवारी मावशीचा फोन आला. लखलखीत आवाज, मागे कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा मोजता आली. आधी खारीचा उद्धार झाला, मग शेजारच्या नव्या सुनेचा. मग म्हणाली, "हे सगळं ठीक. पण तुझ्या मोबाइलला फोन लावायचा तर आधी शून्य का दाबायचं? पूर्वी नव्हतं असं."

पूर्वी नव्हतंच. १५ जानेवारी २०२१ पासून आलं, लँडलाइनवरून मोबाइलला. पुढे मोबाइलचे आणखी नंबर काढायला जागा मोकळी व्हावी म्हणून. मी तिला हे पाचव्यांदा समजावलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये एक अक्षर तुटलं नाही, आणि म्हणाली, "मग त्यांनीच लावावं ना आतून, मला कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.